यवनांचा समुद्र, मुक्काम नाशिक

नाशिकला मी पहिल्यांदा गेले ती देवदर्शनाला नव्हे, ग्रीकांवर बोलायला. आमच्या अमरावतीत ही गोष्ट कुणाच्या गळी उतरेना. शेजारच्या काकूंनी "आता तर कुंभही नाही, मग कशाला?" असं विचारलं. सासूबाईंनी तांब्याची छोटी गडवी हातात दिली आणि गंगेचं पाणी तेवढं आठवणीने आण म्हणून बजावलं. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी मुलींच्या महाविद्यालयात प्राचीन इतिहास शिकवत होते. नाशिकच्या एका जुन्या वाचनालयाने थंडीच्या दिवसांत व्याख्यानमाला ठरवली होती, विषय 'भूमध्य समुद्राकाठचं प्राचीन जग'. संध्याकाळी माझी तीन जाहीर व्याख्यानं आणि दिवसा बाहेरगावच्या प्राध्यापकांची चर्चा, असा बेत होता. ठरलेले मोठे वक्ते ऐन वेळी नाही म्हणाले म्हणून माझी आठवण झाली, हे वाचनालयाचे चिटणीस पिंगळे सरांनी मोकळेपणाने कळवलं होतं. मला त्याचा राग आला नाही. इतकी वर्षं मी त्या लोकांविषयी फक्त परीक्षेला बसणाऱ्या मुलींशी बोलत आले होते. परीक्षेशी काही देणंघेणं नसलेली माणसं ते ऐकायला येणार, याचंच मला अप्रूप होतं.

बडनेऱ्याला गाडीत बसले तेव्हा माझ्याजवळ एक बॅग होती, ती गडवी होती, आणि कॉलेजातून सही करून आणलेला भूमध्य समुद्राचा मोठा कापडी नकाशा होता. मनमाडच्या पुढे थंडी बोचायला लागली. खिडकीच्या फटीतून वारा आत येत होता आणि बाहेर द्राक्षांचे मांडव दिसू लागले होते. आमच्याकडे कपाशी आणि संत्री बघायची सवय, त्यामुळे ते मांडव मी डोळे भरून पाहत राहिले. त्या नादात नाशिकरोड आलं, घाईने उतरले, गाडी सुटली, आणि मग लक्षात आलं की नकाशा वरच्या फळीवरच राहिलाय. अख्खा भूमध्य समुद्र मुंबईकडे निघून गेला होता.

पिंगळे सर मफलर गुंडाळून फलाटावर उभे होते. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, उंच, काटकुळे. माझं रडवेलं तोंड पाहून म्हणाले, "काही काळजी करू नका बाई. आमचे चित्रकलेचे मास्तर फळ्यावर समुद्र काढतील."

बसने द्वारकेपर्यंत आलो. ही द्वारका म्हणजे कृष्णाची नव्हे, शहराच्या तोंडाशी असलेला मोठा चौक आहे. चारी बाजूंनी ट्रक, एसट्या आणि टांगे, आणि रस्त्याच्या कडेला द्राक्षांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका. तिथल्याच एका हॉटेलात सरांनी मला मिसळ खायला घातली. रस्सा काळपट आणि तिखट होता, वर भाजलेला पापड. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तशी सर म्हणाले, "नाशिकला आलेल्या प्रत्येकाला एकदा रडावंच लागतं." ते हसले नाहीत. त्यांचं बोलणं सगळं असंच असे, गंमतही गंभीर चेहऱ्याने करायचे.

पहिल्या संध्याकाळी वाचनालयाचा लांबट हॉल बऱ्यापैकी भरला होता. कानटोप्या घातलेले निवृत्त कारकून, काही वकील, कॉलेजची मुलं, उजवीकडच्या दोन बाकांवर बायका. चित्रकलेच्या मास्तरांनी खरोखरच फळ्यावर निळ्या खडूने समुद्र काढला होता. इटलीचा पाय थोडा जाड झाला होता, पण समुद्र छान उतरला होता.

त्या दिवशी मी जहाजांविषयी बोलले. दारू आणि तेलाचे मातीचे उंच रांजण कसे रचत, उन्हाळ्यात वारे कुठून वाहत, हिवाळा लागला की तो समुद्र कसा बंद होई आणि शहाणी माणसं जहाज किनाऱ्यावर ओढून ठेवत. तरीही जे जात ते का जात, हेही सांगितलं. टाळ्या वाजल्या, सरांनी आभार मानले, लोक चपला शोधायला लागले.

एक गृहस्थ मात्र उलट पुढे आले. पन्नाशी उलटलेली, अंगात खाकी शर्ट, त्यावर हाताने विणलेला स्वेटर. फळ्यासमोर उभे राहून त्यांनी विचारलं, "बाई, क्रीट नावाचं बेट ह्यात कुठं हाय?"

मी बोट दाखवलं. त्यांनी त्या लांबट ठिपक्याच्या खाली, निळ्या खडूवर, आपली तर्जनी टेकवली आणि तशीच राहू दिली. "इथं पाणी लय खोल असतं का?"

"खोलच असतं," मी म्हणाले. "पण मी तिथे गेलेली नाही. पुस्तकांतून जे कळलं तेवढंच मला माहीत आहे."

"आमचा मिलिंद इथं गेला," ते म्हणाले. "मालवाहू बोटीवर इंजिनात कामाला होता. वादळात बोट बुडाली. चार सालं झाली. काही जणांची शरीरं सापडली. त्याचं नाय सापडलं." त्यांनी बोट उचललं. बोटाला निळा रंग लागला होता. तो त्यांनी पुसला नाही. "वाचनालयाच्या पाटीवर भूमध्य समुद्र वाचलं, म्हणून आलो. ह्या गावात त्या समुद्राचं नाव घेणारं दुसरं कोणी भेटलं नाय."

मी त्यांचं नाव विचारलं. रामचंद्र गांगुर्डे. मूळचे सिन्नर तालुक्यातले, आता अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर कामाला होते. "उद्या येतो," म्हणाले आणि कानाला मफलर बांधून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गडवी घेऊन रामकुंडावर गेले. धुकं नदीवरून अजून उठलं नव्हतं. पायऱ्यांवर ठिकठिकाणी माणसांचे घोळके होते. कुणी मुंडण करून बसलेलं, कुणाच्या हातात लाल फडकं बांधलेलं अस्थींचं मडकं. एक गुरुजी माझ्याजवळ येऊन सवयीने म्हणाले, "कोणाचं करायचंय?" मी म्हणाले, "कोणाचं नाही, पाणी न्यायला आलेय." ते लगेच बाजूला झाले. एक म्हातारा मडकं पोटाशी धरून पायरीवर बसला होता. त्याचा मुलगा त्याला पुन्हा पुन्हा उठायला सांगत होता, पण म्हातारा काही उठत नव्हता. मला काल संध्याकाळचा माणूस आठवला. ह्या म्हाताऱ्याच्या हातात निदान सोडायला काहीतरी होतं.

त्या संध्याकाळी मी नगरं, चौक आणि भर चौकात होणाऱ्या सभांविषयी बोलले. गांगुर्डे मागच्या बाकावर होते. व्याख्यान संपल्यावर म्हणाले, "जय भीम बाई. उद्या आयतवार हाय. सकाळी तुमची मंडळी लेण्यावर जाणार असं पिंगळे सर म्हणाले. आमचं घर वाटेवरच हाय. आधी च्या प्यायला या." थोडं थांबून म्हणाले, "आमच्या घरच्यांना बोला जरा. त्यांना वाटतं मी भाषण ऐकायला येतो म्हंजे मिलिंदचं मनातून काढून टाकलं."

रविवारी सकाळी सरांनी मला रिक्षाने त्यांच्या वसाहतीत सोडलं. बसक्या घरांची रांग, दारात तुळशीऐवजी पांढऱ्या चाफ्याचं झाड, आतल्या खोलीत तथागतांची मूर्ती. मागे डोंगर दिसत होता आणि डोंगराच्या पोटात लेण्यांची काळी तोंडं. दार रजनीने उघडलं. ही गांगुर्ड्यांची धाकटी मुलगी, बालवाडीत शिकवत होती. तिच्या मागे तिची आई, कौसाबाई. त्यांनी मला बसायला चटई टाकली आणि आत गेल्या.

चहा म्हणता म्हणता बाजरीची भाकरी, उडदाचं घुटं (घोटलेली पातळ डाळ) आणि खुरसणीची (कारळ्याची) चटणी पुढे आली. मी जेवत असताना कौसाबाई समोर बसल्या. नाकीडोळी रेखीव, केस पुरते पांढरे.

"तुमच्या भाषणात माझा पोरगा हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "त्या समुद्रात फार जुन्या काळी बुडालेली माणसं आहेत."

"त्यांचं काय केलं, ते सांगता व्हय?"

"आज संध्याकाळी तेच सांगणार आहे. ते लोक मेलेल्या माणसांचं काय करत, ते."

त्या उठून गेल्या. गांगुर्डे खालच्या आवाजात बोलायला लागले. रजनीचं लग्न सिन्नरच्या एका मुलाशी ठरलेलं होतं. मुलगा एसटीत होता, चांगला होता, आणि त्या लोकांनी खूप कळ काढली होती. पण कौसाबाईंचं म्हणणं, भाऊ आल्याशिवाय बहिणीचं लग्न नाही. मिलिंदच्या नावाने पुण्यानुमोदन (गेलेल्या माणसाच्या नावाने करायचा बौद्ध विधी) करायलाही त्या तयार नव्हत्या. "शरीर दाखवा मग करते, म्हणते. कुठून दाखवू बाई मी शरीर?" मुलाकडच्यांनी आता उन्हाळ्यापर्यंतची मुदत घातली होती.

रजनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "पप्पा, बाईंना जेवू तर द्या." आणि मग माझ्याकडे वळून, "आईवर नका रागावू. ती म्हणते, विधी केला म्हणजे आपणच त्याला मारल्यासारखं."

आम्ही लेण्यांकडे निघालो तेव्हा कौसाबाई आपण होऊन पदर डोक्यावर घेऊन बरोबर आल्या. गांगुर्डे माझ्याकडे बघून नुसती मान हलवत राहिले. पुढे चढताना म्हणाले, "बोट बुडाल्यापासून ही डोंगर चढली नव्हती."

वर चर्चासत्राची मंडळी जमली होती. मुंबईचे डॉ. सामंत नावाचे एक विद्वान खांबाला टेकून बोलत होते. ज्या लेण्याच्या ओसरीत आम्ही उभे होतो त्याच्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत एक लेख आहे. उत्तरेकडच्या एका गावाहून आलेल्या यवनाने हे लेणं आणि पाण्याची टाकी आपल्या आई-वडिलांसाठी खोदवून घेतली आणि भिक्षुसंघाला दिली, असा त्याचा आशय. दान देताना सोबत त्याचा मुलगाही होता. यवन म्हणजे खरा ग्रीक, की ग्रीकांच्या मुलखातून आलेला कुणीही, यावर सामंत आणि औरंगाबादचे एक प्राध्यापक यांची चांगलीच जुंपली. दोघांच्याही बाजूने पुरावा होता. मीही मधे दोन मुद्दे मांडले आणि मनातून त्या वादाची मजा घेत होते.

कौसाबाई बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या. मंडळी पुढच्या लेण्याकडे गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "त्या भिंतीवर नक्की काय हाय?"

मी साध्या भाषेत सांगितलं. लांबून आलेला माणूस, त्याने आई-बापासाठी हे केलं.

"त्याचे आईबाप इथं व्हते?"

"माहीत नाही. बहुतेक नसावेत. कुठेतरी लांब असतील, नाहीतर वारले असतील."

त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, अक्षरं सोडून, नुसत्या दगडावरून. "पोरानं आईबापाचं केलं," त्या म्हणाल्या. "सरळ हाय ते. उलटं करायला लागलं म्हंजे हात नाय उचलत, बाई." आणि त्या खाली उतरायला लागल्या.

दुपारी पिंगळे सरांच्या घरी जेवताना मी हे सगळं सांगितलं. सामंतही होते. तिसऱ्या व्याख्यानात अथेन्समध्ये युद्धात मेलेल्यांचा सार्वजनिक अंत्यविधी कसा होई, हे मी सांगणार होते; न सापडलेल्यांसाठी ते एक रिकामी तिरडी नेत, हेही त्यात होतं. सरांनी घास हातात ठेवूनच विचारलं, "बाई, तो रिकाम्या तिरडीचा भाग गाळता येईल का? गांगुर्डे म्हणत होते, आज त्यांच्या मंडळीही येणार आहेत."

"तो गाळला तर मग राहतं काय?" मी म्हणाले.

सामंत म्हणाले, "व्याख्यान पूर्ण द्या. पण प्रश्नोत्तरं ठेवू नका. आपण तिथे इतिहास सांगायला जातो. लोकांचं दुःख हाताळायचं शिक्षण आपल्याला कुणी दिलेलं नाही."

त्यांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. दुपारभर मी टिपणं समोर घेऊन बसले. त्या भागावर दोनदा आडवी रेघ ओढली आणि दोनदा ती खोडली. शेवटी ठरवलं, जे सांगायला अमरावतीहून इतक्या लांब आले ते सांगायचं. ज्या बाईने सकाळी मला भाकरी वाढली, तिच्यासमोरच ते गाळायचं, हे मला तिचा अपमान केल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी हॉल पहिल्या दिवसापेक्षा जास्त भरला होता. कौसाबाई बायकांच्या बाकावर पहिल्याच जागी, शेजारी रजनी. गांगुर्डे मागे उभे होते, जागा असूनही बसले नाहीत.

मी सांगितलं: युद्धात मेलेल्यांच्या अस्थी अथेन्सचे लोक मांडवात ठेवत. ज्याला त्याला आपल्या माणसासाठी जे आणायचं ते आणता येई. मग सरूच्या लाकडाच्या पेट्या गाड्यांवर चढवून मिरवणूक निघे, प्रत्येक कुळाची एक पेटी. आणि त्या पेट्यांबरोबर एक तिरडी रिकामी नेत. तिच्यावर चादर अंथरलेली असे आणि तिच्यावर कुणीही नसे. जे सापडले नाहीत त्यांची ती. गावातला कुणीही त्या मिरवणुकीत चालू शके, परका माणूससुद्धा. बायका थडग्यापाशी रडत. मग शहराने निवडलेला एक माणूस चार शब्द बोले आणि सगळे घरी जात.

सर आभार मानायला उठले, तेवढ्यात कौसाबाई उभ्या राहिल्या. सभेत बोलायची सवय नसलेल्या माणसासारखा त्यांनी बाकाचा कठडा घट्ट धरला होता.

"ती रिकामी ताटी (तिरडी) नेली," त्या म्हणाल्या, "सगळं उरकलं, माणसं घरला गेली. आन मंग त्यातला एखादा परत आला तर?"

सर माझ्याकडे पाहत होते. सामंत पहिल्या रांगेत होते, त्यांनी मान खाली घातली. मला उत्तर ठाऊक होतं. विषयाची तयारी करताना ते वाचलं होतं आणि व्याख्यानात बसत नाही म्हणून बाजूला ठेवलं होतं. ते सांगितलं तर ही बाई आणखी वाट पाहत बसेल, मुलीचं लग्न मोडेल, असंही मनात येऊन गेलं. "माहीत नाही" म्हणणं सोपं होतं. पण त्या बाकाला धरून उभ्या होत्या, आणि मला खोटं बोलवेना.

"असं होत असे," मी म्हणाले. "मेला समजून विधी केला आणि माणूस परत आला, असं होत असे. मग लोक त्याला लगेच घरात घेत नसत, देवळातही घेत नसत. कारण त्याचं सगळं होऊन गेलेलं असे."

"मंग?"

"मग त्याला नव्याने जन्माला घालत. बायका त्याला तान्ह्या बाळासारखी अंघोळ घालत, दुपट्यात गुंडाळत, दूध पाजत. तेवढं झालं की तो पुन्हा माणसांत आला."

"एवढा मोठा पुरुष?"

"एवढा मोठा पुरुष."

कौसाबाईंनी कठडा सोडला. रजनीने त्यांचा हात धरला होता. "बरं," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

सरांनी दोन वाक्यांत सभा संपवली. लोक हळूहळू बाहेर पडले. सामंत माझ्याजवळ आले. आवाज न चढवता म्हणाले, "तुम्ही त्यांना आशा लावून दिलीत."

"जे ठाऊक होतं ते सांगितलं."

"ठाऊक असलेलं सगळं सांगायचं नसतं, बाई." ते खरोखर दुःखी दिसत होते. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मलाही तीच भीती वाटत होती.

बाहेर पायरीवर कौसाबाई चप्पल घालत होत्या. घालता घालता, मान वर न करता, त्या नवऱ्याला म्हणाल्या, "विहारातल्या भन्त्यांना सांगून या उद्याचं."

गांगुर्ड्यांना कळलंच नाही. "काय सांगू?"

"मिलिंदचं. पुण्यानुमोदन करायचं म्हणून." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी एक दिवस थांबा. लोकं म्हणतील, कुठल्या बाईचं ऐकून केलं, तर बाई दिसली पायजे."

रजनी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या वडिलांनी स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले आणि सायकल काढायला गेले.

मी थांबले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरासमोर पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. वसाहतीतली माणसं पांढऱ्या कपड्यांत येऊन बसत होती. कारखान्यातले लोक होते, सिन्नरहून आलेले नातेवाईक होते, आणि रजनीचे होणारे सासरे कोपऱ्यात अवघडून बसले होते. पिंगळे सर आले. सामंत येतील असं मला वाटलं नव्हतं, पण तेही आले आणि चादरीच्या कडेला मांडी घालून बसले. मिलिंदचा फोटो टेबलावर होता. इंजिनाचा मळकट झगा घातलेला, हसरा, कपाळावर केस आलेले. विशीपंचविशीतला मुलगा.

भन्त्यांनी त्रिशरण, पंचशील म्हटलं, सगळ्यांनी त्यांच्या मागोमाग म्हटलं. मग गाथा झाल्या. भन्ते म्हणाले, घरच्यांना काही बोलायचं असेल तर बोलावं. गांगुर्डे उठले, मुलाचं नाव घेतलं आणि बसले.

कौसाबाई बसल्या जागेवरूनच फोटोशी बोलल्या. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू आलं.

"मिलिंद, आज तुझं केलं आम्ही. रजनीचं उन्हाळ्यात करतोय. तिला आता थांबवत नाय." त्या थांबल्या. पदराचं टोक हातात पिळून धरलं होतं. "तू आलास, तर मी हाय."

बायकांमध्ये कुणीतरी हुंदका दिला. कौसाबाई रडल्या नाहीत. फुलं वाहून झाल्यावर त्या उठल्या आणि आलेल्यांना खीर वाढायला लागल्या. माझ्या वाटीत दोनदा वाढली. सामंतांच्या समोर आल्या तेव्हा ते उठून उभे राहिले. कौसाबाईंनी त्यांना "बसा, बसा सर" असं म्हणून वाटी हातात दिली.

परतीची गाडी संध्याकाळची होती. पिंगळे सर, गांगुर्डे आणि कौसाबाई तिघेही नाशिकरोडला पोचवायला आले. गांगुर्ड्यांनी द्राक्षांची टोपली माझ्या नको नको म्हणण्याकडे लक्ष न देता बाकाखाली सरकवली. गाडी अजून सुटली नव्हती. कौसाबाई खिडकीच्या गजांना धरून उभ्या होत्या.

"बाई, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "ते परत आले, ज्यांना पुन्यांदा जन्माला घातलं. तवा त्यांची आई जिती असायची का?"

मी आठवून पाहिलं. जे वाचलं होतं त्यात बायका म्हटलेलं होतं. अंघोळ घालणाऱ्या, दुपट्यात गुंडाळणाऱ्या बायका. आई असं कुठेच म्हटलेलं नव्हतं.

"ते कुणी लिहून ठेवलेलं नाही," मी म्हणाले.

"नसंल तर?"

"तर दुसऱ्या बायका करत असतील. गावातल्या. बहीणही करत असेल."

त्यांनी मान हलवली. "रजनीला सांगून ठेवते," म्हणाल्या. गाडी हलली तशी त्यांनी गजांवरचे हात काढून घेतले.

उन्हाळ्यात रजनीचं लग्न झालं, सिन्नरला, साध्या पद्धतीने. मला जाता आलं नाही. त्या वर्षाच्या शेवटी पिंगळे सर एका परिषदेसाठी अमरावतीला आले, त्यांच्याकडून सगळं कळलं. कौसाबाई लग्नात दिवसभर पंगती वाढत होत्या. गांगुर्डे वाचनालयाचे सभासद झाले आहेत. मिलिंदची काही बातमी नाही. सामंतांनी आपण होऊन सरांना पत्र लिहून त्या कुटुंबाची चौकशी केली होती. मी तेव्हा बरोबर केलं की चूक, यावर त्यांचं माझं अजून एकमत झालेलं नाही. सरांनाही मी विचारलं. ते म्हणाले, "दोन्ही असेल," आणि चहा पिऊ लागले.

त्या प्रवासाआधी अथेन्सचा अंत्यविधी मी एका तासात शिकवून संपवत असे. पेट्या, मिरवणूक, रिकामी तिरडी, भाषण, आणि भाषणातले महत्त्वाचे मुद्दे. त्या लोकांना आया होत्या, त्यातल्या काही दाराशी उभ्या राहून तिरडी जाताना पाहत असतील आणि मनात म्हणत असतील की हा माझा नाही, माझा यायचाय, असं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. आता मुलींना मी परत आलेल्यांची ती प्रथाही सांगते. अभ्यासक्रमात ती नाही. एखादी हुशार मुलगी विचारते, त्या बायका कोण असायच्या? मी सांगते, ठाऊक नाही, कुणी लिहून ठेवलेलं नाही. आणि पुढचा मुद्दा लिहायला फळ्याकडे वळते.